त्रिपुरी सांखळीत की चियांग माईत? दिव्यांचे उत्सव निवडताना

दिवाळी आटोपली, पोरांनी अंगणात बांधलेल्या किल्ल्यांवरचे मावळे अजून उभेच असतात, आणि बेळगावच्या घराघरांत हल्ली एक विषय हमखास निघतो: "पुढल्या वर्षी ते आकाशात कंदील सोडतात ना, तिकडं जाऊया की." तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो थायलंडचा की तैवानचा, याची खात्री मात्र कुणालाच नसते. खर्च, रजा आणि घरातली वडीलधारी माणसं हे मुद्दे येतातच, पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी. दिवे नुसते बघायचेत, की स्वतःच्या हातानं लावायचेत? माझ्या मते निम्मी निवड तिथंच होऊन जाते.

व्हिडिओतला तो उत्सव बहुधा उत्तर थायलंडमधल्या चियांग माईचा, यी पेंग. पातळ कागदाचा उंच गोल कंदील, खाली बांबूचं किंवा तारेचं कडं आणि त्यात मेणात भिजवलेली गुंडाळी. दोघातिघांनी कडं धरायचं, गुंडाळी पेटवायची आणि थांबायचं. आतली हवा तापेपर्यंत कागद लोंबत असतो, मग फुगतो, मग हाताला ओढ लागते. त्या ओढीआधी सोडला तर तो आडवा होतो आणि शेजारच्याच्या डोक्यावर पेटतो. हजारो कंदील एकदम उडण्याचं जे दृश्य आपण पाहतो, ते बहुतेक वेळा शहराबाहेरच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमांतलं असतं. माणशी दहा हजार रुपयांच्या वर तिकीट सहज जातं. चौघांचं कुटुंब असेल तर हिशेब तुम्हीच करा. शहरात कंदील सोडायला जागेची आणि वेळेची बंधनं आहेत, कारण विमानतळ गावाला लागून आहे. त्या रात्री विमानं रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून परतीचं तिकीट त्या रात्रीचं काढू नका.

त्याच दिवसांत तिथं लोय क्रथोंगही असतो आणि मला तो जास्त आवडण्यासारखा वाटतो. केळीच्या खुंटाची चकती, तिच्या कडेनं केळीच्या पानाच्या घड्या, मध्ये फुलं, मेणबत्ती, उदबत्ती, वर एखादं नाणं, आणि हे सगळं पिंग नदीत सोडायचं. आपल्याकडं द्रोणात दिवा सोडतात तसंच. याला तिकीट लागत नाही.

इथं एक आगाऊपणाचा सल्ला. तसले उडते कंदील आता आपल्या बाजारातही मिळतात आणि उत्साही मंडळं ते सोडतातही. नोव्हेंबरात खानापूर भागात भाताची मळणी चालू असते, गवताच्या गंज्या रचलेल्या असतात. चिकोडी, निपाणीकडं ऊस वाळत उभा असतो. पेटता कागद कुठं उतरेल ते कुणाच्या हातात नाही. जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साल उजाडत असताना असल्याच कंदिलांमुळं वानरघर जळालं आणि तीसहून अधिक प्राणी मेले, तेही असे कंदील सोडायला तिथं बंदी असताना. व्हिएतनामनंही ते बंद केले आहेत.

व्हिएतनामचं नाव आलंच आहे तर होई अन. दा नांग विमानतळापासून साधारण तीस किलोमीटरवरचं हे जुनं व्यापारी बंदर १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथला दिव्यांचा उत्सव वर्षातून एकदाच येत नाही. दर महिन्याच्या चांद्र चतुर्दशीला असतो. जुन्या पेठेत गाड्या बंद, विजेचे दिवे मंद, आणि दारोदारी रेशमी कंदील. होडीत बसून कागदी दिवा पाण्यात सोडता येतो. कंदिलाची घडण पाहण्यासारखी आहे: बांबूच्या काड्या छत्रीसारख्या मिटतात, त्यामुळं तो घडी घालून बॅगेत आणता येतो. तो बनवायला शिकवणारी दुकानंही आहेत. रजा आपल्या सोयीनं मिळत असेल तर चियांग माईपेक्षा मी होई अन सुचवीन. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, नदी गावात शिरते. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. तैवानच्या पिंगशीतही कंदील उडवतात. पहिल्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला मोठा सोहळा असतो, पण तिथल्या शिफेन गावात रुळांवर उभं राहून एरवीही सोडता येतो. त्यासाठी एवढं लांब जावं असं मला वाटत नाही.

चियांग माईची खरी अडचण पैशाची नाहीच. यी पेंगची पौर्णिमा आणि आपली त्रिपुरी बहुतेक वर्षी एकच असते. म्हणजे तिकडं गेलात की घरची त्रिपुरवात आणि गावची दीपमाळ चुकली. त्याच रात्री चोर्ला घाटाखाली गोव्यातल्या सांखळीजवळच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका उतरतात. गावोगावची मंडळी महिनाभर राबून त्या बनवतात, आत दिवे लावतात, त्यांची स्पर्धा असते, त्रिपुरासुराचा वधही होतो. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. तिथं पंचगंगेच्या घाटावर पहाटेच्या अंधारात पणत्या लागतात आणि हातात तेलाची बाटली घेऊन गेलात तर तुम्हालाही लावता येतात. तिथी जुळली तर पहाटे कोल्हापूर आणि रात्री सांखळी असं करणारा एखादा बहाद्दर निघेलही. ड्रायव्हर मात्र दोन न्या.

काशीची देवदिवाळीही याच पौर्णिमेची. चौऱ्याऐंशी घाटांवर दिवे लागतात ते होडीतून पाहायचे. तिथल्या पंचगंगा घाटावरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांनी बांधल्याचं सांगतात, तेवढ्यासाठी तरी मराठी माणसानं तो घाट चुकवू नये. पण होडीचे आणि खोल्यांचे भाव त्या रात्री भलतेच चढतात आणि घाटावरच्या रेटारेटीत गुडघे दुखणाऱ्या माणसांचं काम नाही.

त्यांच्यासाठी तमिळनाडूतलं तिरुवन्नामलै बरं, असं म्हटलं तर लोक हसतील, कारण तिथंही लाखोंची गर्दी होते. पण कार्तिगै दीपम लांबूनच पाहायचा असतो. २६६८ फुटांच्या डोंगरमाथ्यावर मोठी कढई, तीत हजारो किलो तूप आणि शेकडो मीटर कापडाची वात. संध्याकाळी सहाला ती पेटते आणि पुढं काही दिवस तेवत राहते. देवळात शिरायचा हट्ट सोडला तर गावाबाहेरच्या एखाद्या गच्चीवरूनही ज्योत दिसते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरू आणि तिथून पुढं सुमारे दोनशे किलोमीटर. दीपमच्या सुमारास तिकडं पावसाचे दिवस असतात. २०२४ च्या डिसेंबरात याच डोंगराची कड खचून माणसं दगावली आणि भाविकांना वर सोडलं नव्हतं. डोंगर चढायचा बेत धरूनच जाऊ नका.

शाळेत जाणारी मुलं असतील तर माझं मत सरळ श्रीलंकेला. वेसाक मे महिन्यातल्या पौर्णिमेला येतो, म्हणजे बुद्धपौर्णिमा, आणि आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. तिथं घरोघरी लटकणारा अठपैलू कंदील पाहून मुलं ओळखतीलच: बांबूच्या कामट्या, पातळ रंगीत कागद, खळ, खाली झिरमिळ्या. आपल्याकडं तयार चांदण्या आल्यापासून कामट्या तासणारी घरं कमी झाली, तिथं ती अजून आहेत. कोलंबोत मोठमोठ्या तोरणांवर हजारो बल्बांच्या उघडझापीत जातककथा उभ्या करतात. गणपतीत देखावे बघत फिरणाऱ्या बेळगावकराला ते अगदी घरचं वाटेल. शिवाय जागोजागी दानसल, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण, चहा, सरबत. रांगेत उभं राहायची लाज नको, तिथं गाडीवालेही उतरून उभे राहतात. त्या दिवसांत दारू आणि मटणाची दुकानं बंद असतात. काहींना हा तोटा वाटेल.

मंडळाचं लायटिंग सांभाळणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी फिलिपिन्समधलं सान फर्नांदो. ख्रिसमसच्या आधी तिथं दुमजली घराएवढ्या कंदिलांची चढाओढ लागते. आतले हजारो बल्ब बँडच्या तालावर नाचतात आणि ते नाचवायला परंपरेनं असतात पत्र्याची पिंपं. पिंपाला हातानं फिरवायचं; त्याच्या पत्र्यावर ओळीनं केसांच्या पिना टेकलेल्या, प्रत्येक पिनेला एक वायर. जिथं पट्टी चिकटवली आहे तिथं पीन आली की तो बल्ब विझतो, मोकळा पत्रा आला की पेटतो. नक्षी सगळी त्या पट्ट्यांच्या मांडणीत. घरच्यांना मात्र यातलं काही कळणार नाही, एकट्यानं जा.

फ्रान्समधल्या ल्यों शहराचा आठ डिसेंबरचा दिव्यांचा उत्सव तिकडं आधीच कुणी नातेवाईक असेल तरच. १८५२ मध्ये सोन नदीच्या पुरामुळं मेरीच्या मूर्तीचं अनावरण सप्टेंबरातून डिसेंबरात गेलं, त्या दिवशीही वादळ आलं, ते निवळल्यावर लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासूनची ही प्रथा. आता इमारतींवरचे प्रकाशखेळच जास्त. बघायला फुकट, थंडी कडाक्याची. हिरोशिमाला ६ ऑगस्टला मोतोयासु नदीत कंदील सोडतात ते अणुबाँबमध्ये गेलेल्यांसाठी. तिथं रील काढायला जाऊ नये.

परदेशाचं ठरलंच तर व्हिसाचे नियम तिकिटाआधी बघा, ते सारखे बदलतात. आणि रजा एकाच रात्रीची असेल तर सांखळीच. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी असा रस्ता आहे. पावसाळ्यानंतर तो कितपत दुरुस्त झालाय ते आदल्या दिवशी कुणा ट्रकवाल्याला विचारून घ्या. जेवण जांबोटीतच उरका, पुढं घाटात काही उघडं मिळेलच असं नाही.