व्हेनिसची १ क्रमांकाची व्हापोरेतो : पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी एक परीक्षण

व्हेनिसला पहिल्यांदाच जाणाऱ्या जोडप्याने पैसे सर्वांत आधी कशावर खर्च करावेत, असे मला कोणी विचारले तर गोंडोलाच्या आधी मी व्हापोरेतोच्या पासचे नाव घेईन. व्हापोरेतो ही त्या शहराची सार्वजनिक जलवाहतूक. तिथले रहिवासी कामावर, बाजारात आणि दवाखान्यात तिनेच जातात. पाहुणाही तिकीट काढून त्यांच्या शेजारी बसतो. मुंबईतून निघणाऱ्या अनेक समूहसहलींत मात्र या सेवेचे नावही येत नाही. खासगी बोटीने सान मार्को या मुख्य चौकाशी उतरायचे, तिथे छायाचित्रे काढायची, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक पाहायचे, ज्यांनी वेगळे पैसे भरले असतील त्यांनी गोंडोलात बसायचे आणि संध्याकाळ व्हायच्या आत मुख्य भूमीवरील हॉटेलाकडे निघायचे, असा साधारण कार्यक्रम असतो. आम्ही पती-पत्नी मे महिन्यात आमच्या आम्ही गेलो आणि मुक्काम शहरातच ठेवला. त्या मुक्कामात जे सुख मिळाले त्याचा मोठा वाटा या बोटींचा होता, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

व्हेनिस ११८ लहान बेटांवर वसलेले असून ती बेटे चारशेहून अधिक पुलांनी जोडलेली आहेत. मुख्य भूमीवरून रेल्वेचा पूल १८४६ मध्ये आला, मोटारींचा १९३३ मध्ये. पण मोटार पिआत्साले रोमा या चौकापर्यंतच येते आणि तिथून पुढे पाय किंवा पाणी एवढेच दोन मार्ग उरतात. पुलांना बहुतेक ठिकाणी पायऱ्या आहेत. नकाशावर दहा मिनिटांचे दिसणारे अंतर मोठी बॅग उचलून चार पूल चढता-उतरताना किती लांबते, हे मुंबईत बसून लक्षात येत नाही. ज्यांचे गुडघे आता बोलू लागले आहेत अशा आमच्यासारख्यांनी तर निवासाची जागा ठरवताना व्हापोरेतोचा धक्का किती जवळ आहे आणि मध्ये किती पूल आहेत, हे आधी पाहावे आणि खोलीची सजावट नंतर.

१ क्रमांकाची बोट पिआत्साले रोमाहून निघते, रेल्वे स्थानकासमोर थांबते, ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्यातून संपूर्ण जात सान मार्कोला येते आणि पुढे लिदो बेटापर्यंत जाते. ग्रँड कॅनॉल सुमारे पावणेचार किलोमीटर लांब असून उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा वळत जातो. ही बोट कधी या काठाला तर कधी त्या काठाला लागत सावकाश जाते. पिआत्साले रोमा ते सान मार्को या टप्प्याला पाऊण तास धरावा. २ क्रमांकाची बोट कमी थांबे घेते आणि लवकर पोहोचवते. घाई असेल तेव्हा ती उत्तम, परंतु पहिल्या संध्याकाळी घाई नसावीच.

मुंबईच्या नोकरदार जोडप्याला या सावकाशीचे मोल अधिक कळेल असे मला वाटते. आम्ही दोघांनी उभी नोकरी ठाणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या एकाच गाडीने केली, तीही वेगवेगळ्या डब्यांत. ती महिलांच्या डब्यात चढायची, मी सर्वसाधारण डब्यात, आणि भेट व्हायची ती उतरल्यावर जिन्याजवळ. रोजच्या प्रवासात शेजारी बसून खिडकीबाहेर एकच दृश्य पाहण्याची सवय आम्हाला नव्हतीच. या बोटीत ती संधी मिळाली. कोणी काही विकत नव्हते, मार्गदर्शक ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगत नव्हता, वेळ संपल्याची आठवणही कोणी करून देत नव्हते. प्रणयरम्य शहर म्हणून व्हेनिसचा जो लौकिक आहे, तो आम्हाला या साध्या सार्वजनिक बोटीत पटला.

मे महिन्यात तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्याआधी तासभर पिआत्साले रोमाहून बसावे. तो पहिला थांबा असल्याने जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. काही बोटींत नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, उघड्यावर थोडी आसने असतात. ती मिळाली तर सोडू नयेत, नाहीतर मागच्या बाजूच्या उघड्या आसनांवर बसावे. बंद भागातील काचेतूनही दिसते, पण पाण्याचा वास आणि काठावरची बोलणी तिथे पोहोचत नाहीत.

स्थानक मागे पडल्यावर डावीकडे का' वेंद्रामिन कालेर्जी हा राजवाडा येतो. संगीतकार रिखार्ड वाग्नर १८८३ मध्ये याच वास्तूत वारला. आता तिथे कॅसिनो आहे. थोडे पुढे त्याच बाजूला का' दोरो हे पंधराव्या शतकातील गॉथिक घर. त्याच्या दर्शनी भागावर एकेकाळी सोन्याचा वर्ख होता, आणि वर्ख गेला तरी दगडातली जाळी पाहताना त्याची उणीव जाणवत नाही. मग उजवीकडे मासळीबाजाराच्या कमानी आणि वळणावर रिआल्तोचा पूल. हा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळात अंतोनिओ दा पोंते याने एकाच कमानीत बांधला. १८५४ पर्यंत संपूर्ण ग्रँड कॅनॉलवर हा एकच पूल होता. आज चार आहेत. बोट त्याच्याखालून जाते तेव्हा वर कठड्याला टेकलेली गर्दी खाली पाहत असते आणि आपण वर. पुढे उजव्या हाताला का' फोस्कारी, जिथे आता विद्यापीठ आहे, आणि का' रेत्सोनिको, जिथे इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगने १८८९ मध्ये अखेरचा श्वास घेतला. अखेरीस अकादेमियाचा लाकडी पूल ओलांडला की सांता मारिया देल्ला सालुते या चर्चचा मोठा घुमट समोर येतो. १६३०-३१ च्या प्लेगमधून शहर वाचावे म्हणून केलेल्या नवसाचे हे चर्च. बाल्दास्सारे लोंगेना या वास्तुविशारदाने १६३१ मध्ये हाती घेतलेले काम १६८७ मध्ये पूर्ण झाले. आजही दरवर्षी २१ नोव्हेंबरला कॅनॉलवर तात्पुरता पूल उभारला जातो आणि शहरातील लोक त्यावरून चालत येऊन इथे मेणबत्त्या लावतात. नवस फेडण्याची ही रीत आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आता भाड्याविषयी, कारण पहिली नाराजी तिथेच होते. ही सेवा चालवणाऱ्या एसीटीव्ही या संस्थेचे पर्यटकांसाठीचे एकेरी तिकीट आम्ही गेलो तेव्हा साडेनऊ युरोचे होते आणि ते ७५ मिनिटे चालत असे. २४ तासांचा पास २५ युरो, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५ युरो. म्हणजे एका दिवसात तिसऱ्यांदा बोटीत पाय ठेवला की पास वसूल होतो आणि तीन दिवसांच्या मुक्कामात पाचव्या फेरीला. रहिवाशांना याच प्रवासासाठी फारच कमी पैसे पडतात, याबद्दल काही प्रवासी तक्रार करतात. मला ही तक्रार पटत नाही. १९५१ च्या सुमारास या ऐतिहासिक शहरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. आता पन्नास हजारही उरलेली नाहीत. जी टिकून आहेत त्यांना आपल्याच शहरात फिरणे परवडावे आणि त्याचा काही भार आपल्यासारख्यांनी उचलावा, हे मला न्याय्य वाटते. सहा ते एकोणतीस या वयोगटासाठी रोलिंग व्हेनिस नावाचे सवलतीचे कार्ड मिळते आणि त्यावर ७२ तासांचा पास बराच स्वस्त पडतो, त्यामुळे नवविवाहितांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

पासचे तास खरेदीपासून नव्हे तर पहिल्यांदा यंत्रावर टेकवल्यापासून मोजले जातात. धक्क्यावर जाण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी टेकवावा लागतो. तपासनीस येतात आणि दंड जबर असतो. विमानतळावरून शहरात येणाऱ्या आलिलागुना बोटी वेगळ्या कंपनीच्या असल्याने त्यांत हा पास चालत नाही, हे मुंबईहून निघतानाच ध्यानात ठेवावे.

चढण्या-उतरण्याची व्यवस्था मला विशेष आवडली. धक्का स्वतःच तरंगता असल्यामुळे पाणी चढो वा उतरो, धक्का आणि बोट जवळजवळ एकाच पातळीवर राहतात. खलाशी दोर खुंटाला गुंडाळतो, फाटक सरकवतो, आधी उतरणाऱ्यांना वाट देतो आणि मग आपल्याला आत घेतो. भाऊच्या धक्क्यावर ओल्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये पाऊल टाकताना ज्यांनी कोणाचा तरी हात घट्ट धरला आहे, त्यांना इथली निर्धास्तता लगेच जाणवेल. बाळगाडी आणि चाकांची खुर्चीही या बोटींत नेता येते, आणि पायऱ्यांच्या पुलांनी भरलेल्या शहरात ही मोठीच सोय आहे.

गर्दी हा या सेवेचा खरा दोष आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत स्थानक, रिआल्तो आणि सान मार्को या थांब्यांवर बोट भरून येते आणि प्रणयाचे वातावरण वगैरे काही उरत नाही. उन्हाळ्यात तर रहिवाशांनाही ताटकळावे लागते. पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी, असा तिथला नियम आहे. तो पाळावा, मागच्या माणसाला थोडी जागा होते. दुसरी अडचण दिशेची. अनेक थांब्यांवर दोन्ही दिशांच्या बोटी एकाच धक्क्याला लागतात, तेव्हा क्रमांकाबरोबर शेवटच्या थांब्याचे नावही वाचावे. तिसरी, पुराच्या दिवसांतली. शरद आणि हिवाळ्यात भरतीचे पाणी फार चढले तर बोटींना काही पुलांखालून जाता येत नाही आणि मार्ग बदलले जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये खाडीच्या मुखांशी मोसे हे पूररोधक दरवाजे वापरात आल्यापासून मोठे पूर अडवले जातात, तरी दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी भरतीचा अंदाज पाहून ठेवावा.

गोंडोलाविषयी बोलल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही, कारण जोडप्यांचा निम्मा विचार तिच्याचभोवती घुटमळत असतो. ती नाव विलक्षण आहे यात शंका नाही. सुमारे अकरा मीटर लांब, आठ प्रकारच्या लाकडांचे २८० भाग जोडून घडवलेली, आणि नावाडी एकाच बाजूने वल्हे मारत असल्याने डावी बाजू उजवीपेक्षा मुद्दाम रुंद ठेवलेली. दिवसा अर्ध्या तासाचा अधिकृत दर ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचा ११० युरो आहे. हा दर संपूर्ण नावेचा असून तीत पाच जण बसू शकतात, म्हणजे दोघांनाही तेवढेच द्यावे लागतात. घ्यायचीच असेल तर सातच्या आत घ्यावी, मे-जूनमध्ये तेव्हा भरपूर उजेड असतो. आणि रिआल्तोच्या गर्दीतून निघण्याऐवजी आतल्या भागातील थांब्यावरून अरुंद कालव्यांचा फेरा मागावा, कारण ग्रँड कॅनॉल तर व्हापोरेतोतून दिसतोच. ज्यांना एवढा खर्च नको असेल त्यांच्यासाठी त्रागेत्तो आहे. ग्रँड कॅनॉलच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारी ही साधी, दोन वल्हेकऱ्यांची गोंडोला आहे. पर्यटकाला दोन युरो पडतात आणि प्रवास दोन-चार मिनिटांत संपतो. का' दोरोजवळच्या सांता सोफियाहून मासळीबाजाराकडे आम्ही अशीच सकाळी गेलो. माझी पत्नी मालवणची असल्याने त्या बाजारातून तिला बाहेर काढणे अवघड गेले, आणि नंतर जवळच्याच एका लहान खानावळीत सार्दे इन साओर, म्हणजे तळून कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली तारली, तिने अत्यंत समाधानाने खाल्ली.

पास हातात असल्यावर एक दिवस बाहेरच्या बेटांसाठी राखावा. फोंदामेंते नोव्हे या धक्क्याहून १२ क्रमांकाची मोठी बोट मुरानोमार्गे बुरानोला पाऊण तासाच्या आसपास पोहोचवते. बुरानोची रंगीत घरे आणि हाताने विणलेली लेस प्रसिद्ध आहे, पण दुपारी तिथे रेटारेटी असते. तिथून थोडे पुढे तोर्चेल्लो बेटावर ६३९ मध्ये स्थापन झालेले चर्च आहे. आतील भिंतीवरचे अंतिम न्यायाचे मोझेक पाहण्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते आणि ते आनंदाने काढावे. बेटावर माणसे तुरळक, वाट एकच, दोन्ही बाजूंना शेते. शांतपणे बोलत चालायला संपूर्ण प्रवासात इतकी चांगली जागा दुसरी मिळाली नाही.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. व्हेनिसला थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातील एखाद्या शहरात बदलावे लागते. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ लवकर संपते, म्हणून एप्रिल-मेच्या प्रवासाचा अर्ज जानेवारीतच करावा. शहराने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावले आहे. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते भरावे लागत नाही, परंतु त्या दिवसांसाठी संकेतस्थळावर नोंद करून सूट मिळाल्याचा कोड जवळ ठेवावा लागतो. आणि पास सुरू करण्याची वेळ परतीच्या दिवसावरून मागे मोजून ठरवावी : शेवटच्या सकाळी सामानासह पिआत्साले रोमाला येताना तो चालू असला, तर तेवढे दोन एकेरी तिकिटांचे एकोणीस युरो वाचतात आणि बॅगा घेऊन पूल चढावे लागत नाहीत.