रोटी हातात की पैसे खात्यात?
सोलापुरात विडी वळणाऱ्या कुठल्याही मावशींना विचारा, रेशनचं धान्य हवं की खात्यात पैसे? इजिप्तपुढे हेच कोडं होतं. 2016 मध्ये पौंडाचा दर बाजारावर सोडला, नाणेनिधीचं 12 अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं, महागाई भडकली. रेशनकार्डावरची बलदी रोटी (तिथली सरकारी अनुदानाची साधी रोटी) मात्र तेव्हाही माणशी रोज 5, जुन्याच दरात. (आपल्या कडक भाकरीपुढे मऊच ती!) खर्च अफाट, आणि खाऊनपिऊन सुखी घरंही लाभार्थी. 2015 ची 'तकाफुल व करामा' रोख योजना नेमकी गरिबांसाठी. पण यादीत नाव नसलं की संपलं, आणि रक्कम महागाईमागे धापा टाकते. 1997 मध्ये आपलं रेशन गरिबीरेषेला बांधलं, तेव्हा याद्यांचा घोळ आपणही पाहिला. माझं मत रोटीला. 2024 मध्ये ती 5 पियास्टरवरून (100 पियास्टर म्हणजे एक पौंड) 20 वर गेली, तरीही.