समूह शाळा की वस्तीवरची शाळा?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं एकत्र आणणारी एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळची आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची समूह शाळा पुढे होती. धोरण राज्याचं, पण अंमलबजावणीचा भार जिल्ह्यावर.

समूह शाळेचं पारडं हलकं नाही. प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि मुख्य म्हणजे बरोबरीची मुलं मिळतात. तिसरीत एकटाच मुलगा असेल, तर त्याने कोणाशी वाद घालायचा, कोणाबरोबर कबड्डी खेळायची?

वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. एका भिंतीवर पहिलीची बाराखडी, समोरच्या फळ्यावर चौथीचा भागाकार. ओढाताण होते, हे खरंच. पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणारी मुलगी याच शाळेत टिकते. शिक्षण हक्क कायद्यातली पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, ही अट अशा मुलीसाठीच आहे. समूह शाळा लांब; तिथे नेणारी गाडी बंद पडली, पावसात ओढ्याला पाणी आलं, की तिची शाळा त्या दिवशी बुडाली. असे दिवस वाढले की घरचे म्हणतात, राहू दे आता.

म्हणून माझं मत सरळ आहे: सहावीपासून समूह शाळा जरूर करा, गाडीची आणि सोबतीला बाईमाणसाची खात्री देऊन. पाचवीपर्यंतची शाळा मात्र वस्तीवरून हलवू नका.