रहस्यकादंबरीसाठी स्क्रिव्हनर: कामाचं किती, डोकेदुखी किती

रहस्यकादंबरीची गोष्ट दोनदा रचावी लागते. एकदा गुन्हा घडला तशी आणि एकदा वाचकाला कळत जाते तशी. वर्डच्या लांबलचक फाइलमध्ये दुसरी रचना तेवढी दिसते. पहिली वहीत असते किंवा नुसती डोक्यात, आणि घोळ तिथेच होतो. स्क्रिव्हनर या लेखनासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच जागी ठेवता येतात. पैसे मोजायचे तर याच सोयीसाठी. बाकीची वैशिष्ट्यं वर्डमध्येही जुगाड करून भागतात.

त्यासाठी सुरुवातीला थोडी मांडामांड करावी लागते. बाइंडरमध्ये, म्हणजे डावीकडच्या यादीत, प्रकरणांऐवजी प्रत्येक प्रसंगाचं वेगळं डॉक्युमेंट करा. हजार-बाराशे शब्दांचा तुकडा पुढेमागे हलवायला सोपा जातो. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या कस्टम मेटाडेटात (प्रसंगाला जोडायच्या आपल्या नोंदींत) 'घटनेची वेळ' नावाचा साधा टेक्स्ट रकाना जोडा आणि वेळ वर्षापासून सुरू करून लिहा: २०२४-०८-०९ २३:४०. महिन्याचं शून्य गाळलं किंवा देवनागरी-इंग्रजी आकडे मिसळले, तर क्रम चुकू शकतो. आता खुन्याने त्या दिवशी नेमकं काय केलं, ते प्रसंगही लिहून काढा आणि त्यांच्यावरची 'इन्क्लूड इन कम्पाइल'ची खूण काढून टाका (कम्पाइल म्हणजे तुकडे जोडून अंतिम फाइल काढणं). ते पुस्तकात छापले जाणार नाहीत, पण हिशेबात राहतील.

सगळे प्रसंग एका कलेक्शनमध्ये, म्हणजे बाइंडरबाहेरच्या वेगळ्या यादीत, टाकून ते आउटलायनरमध्ये (रकान्यांच्या तक्त्यात) उघडा आणि त्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा. प्रसंग घडले त्या क्रमाने लागतात, बाइंडरमधला क्रम मात्र जागचा हलत नाही. कलेक्शनची पायरी गाळू नका. थेट मसुद्यावर क्रमवारी लावली तर ती प्रत्येक फोल्डरच्या आतल्या आत लागते, आणि आपल्याला तर प्रकरणांच्या भिंती ओलांडून पाहायचं असतं.

अशी यादी समोर आली की चुका आपोआप वर येतात. मंगळवारी दुपारी अटक आणि न्यायालयात हजर थेट शुक्रवारी? प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. खून शनिवारी रात्री, प्रेत सापडलं सोमवारी संध्याकाळी, तेही नागपूरच्या मे महिन्यात, आणि डॉक्टर म्हणतात 'अंग अजून ताठ आहे'? त्या उन्हाळ्यात ताठरता लवकर येते आणि लवकर जातेही. तोवर कुजण्याची लक्षणं दिसायला लागलेली असतील. गुन्ह्याच्या तारखेवर कलमही ठरतं. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, त्याआधीच्याला भादंवि ३०२. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, त्यामुळे ऑगस्ट २०२४ च्या कथेतला निरीक्षक 'तीनशे दोन लावा' म्हणाला की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

सुगाव्यांसाठी कीवर्ड, म्हणजे प्रसंगाला लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या, वापरा. प्रत्येक सुगाव्याचे दोन: 'किल्ली-पेरणी' आणि 'किल्ली-उलगडा'. चकव्यांनाही हाच नियम, कारण चकव्याचाही खुलासा करावा लागतो. 'किल्ली' असा शोध कलेक्शन म्हणून जतन केला की यादी पुढे आपोआप अद्ययावत होत राहते. पेरणी दिसते आणि उलगडा नाही, तर धागा लोंबकळतोय. उलगडा आहे आणि पेरणी जेमतेम एक प्रसंग आधी, तर वाचकाची फसवणूक.

अर्ध्या वाटेवर खुनी बदलावासा वाटतो, तेव्हा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मजकुराची जपून ठेवलेली प्रत, उपयोगी पडतो. बदलाआधी सगळे प्रसंग निवडून एकदम स्नॅपशॉट घ्या, त्याला नाव द्या. नंतर जुना-नवा मजकूर तुलना करून पाहता येतो.

आता दुखणी. अँड्रॉइडवर हे ॲप नाहीच. मॅक, विंडोज आणि आयफोन-आयपॅडसाठी वेगवेगळे परवाने घ्यावे लागतात; संगणकावरचा साधारण ६० डॉलरच्या घरात, एकदाच भरायचे. चाचणीचे ३० दिवस मात्र खऱ्या वापराचे मोजतात, तेव्हा रविवारीच लिहिणाऱ्याला ते अर्धं वर्षभर पुरतील. आयपॅडशी जुळवणी ड्रॉपबॉक्समधून होते. एकाच वेळी दोन यंत्रांवर प्रोजेक्ट उघडा ठेवला किंवा सिंक पूर्ण होण्याआधी झाकण मिटलं, तर फायलींच्या परस्परविरोधी प्रती तयार होतात. एका जागी बंद, सिंक पूर्ण, मगच दुसरीकडे उघडायचं.

सगळ्यात कटकटीचं म्हणजे कम्पाइल. तयार साच्यांतला 'मॅन्युस्क्रिप्ट (कुरियर)' कुरियर फॉण्ट लावतो, ज्यात देवनागरीच नाही. कम्पाइलच्या खिडकीत फॉण्टच्या यादीतून कोहिनूर किंवा मंगलसारखा देवनागरी फॉण्ट निवडा, सेक्शन लेआउट 'ॲज-इज' (मजकूर आहे तसा) ठेवा आणि वर्डची फाइल काढा. प्रकाशक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टवर अक्षरजुळणी करत असतील तर मजकूर कन्व्हर्टरमधून जातो, आणि तिथे अर्धा ऱ हमखास दगा देतो. मुद्रितं हातात आली की आधी 'दुसऱ्या', 'खऱ्या', 'कुऱ्हाड' हे शब्द शोधून तपासा. खुनाचं हत्यारच कुऱ्हाड असेल तर जरा जास्तच बारकाईने.