स्टिकरवर १३००, आत भलतंच

ठाणे-नवी मुंबईत फोमची आरसी (रिमोटवर उडणारी) विमानं बनवणाऱ्यांपैकी कुणाला सध्या मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार सर्वो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असा 'थ्री-डी कॉम्बो' (कसरतीच्या विमानाचा संच) स्वस्तात मिळत असेल, तर पैसे टाकण्याआधी हे वाचा.

विमानाचं डिझाइन माझं. पंख ९० सेंटिमीटर, बॉडी सपाट फोमची, कंट्रोल सरफेस (विमान वळवणारे हलते भाग) मुद्दाम मोठे ठेवलेले, पंखात कार्बनची पट्टी. अशा विमानाची सगळी मजा हॉवरमध्ये असते: नाक वर, शेपूट खाली आणि विमान नुसतं प्रोपेलरवर लटकलेलं. त्यासाठी थ्रस्ट (प्रोपेलरची ओढ) विमानाच्या वजनापेक्षा बराच जास्त लागतो. मी विमान ४५० ग्रॅमचं धरलं होतं आणि थ्रस्ट ८०० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे थ्री-सेल (तीन सेलची), १३०० एमएएच क्षमतेची बॅटरी ठरवली आणि सीजीसुद्धा (विमानाचा गुरुत्वमध्य) तिच्याच वजनावर काढला.

हेच सामान नवं घेतलं असतं तर चार हजारांच्या घरात गेलं असतं. जाहिरातीत २६०० होते. फोनवर पोरगा अगदी गोड बोलला. "दादा, मी पण तुमच्यासारखाच हौशी. लग्न ठरलंय, घरचे म्हणतात हा पसारा काढ. आपल्या माणसाला मिळालं तर बरं, म्हणून कमी लावलंय." कोपरखैरणे स्टेशनबाहेर भेटायचं ठरलं.

तिथे त्याने जे दाखवलं ते नीट लक्षात ठेवा, कारण खरी मेख तिथेच आहे. आधी मल्टिमीटर लावला: १२.६ व्होल्ट, म्हणजे थ्री-सेल लिपो फुल चार्ज. मग मोटर जोडून फुल थ्रॉटल दिला. काय सुंदर आवाज! प्रोपेलर मात्र लावला नाही. "एवढ्या गर्दीत प्रोपेलर नको दादा, कुणाच्या हाताला लागला तर?" बोलणं शंभर टक्के बरोबर, म्हणूनच पचलं. पण प्रोपेलर नसलेली मोटर जेमतेम करंट ओढते. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा तेवढ्यापुरती ठणठणीत दिसते. १२.६ चा आकडाही तसाच. लोड नसताना घेतलेल्या व्होल्टेजवरून चार्ज कळतो, तब्येत कळत नाही.

विमान उडवलं मुरबाडच्या बाजूला, भात कापून झालेल्या शेतात. (नवी मुंबई विमानतळ झाल्यापासून कुठे उडवायचं हा एक वेगळाच ताप आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघितल्याशिवाय मी रिमोट पिशवीतून काढत नाही.) साध्या उड्डाणात सगळं ठीक होतं. रोल छान झाले. मग दीड पुरुष उंचीवर हॉवर लावला, थ्रॉटल वर गेला आणि मोटरचा आवाज एकदम बसला. व्होल्टेज पडला म्हणून ईएससीने मोटर बंद केली होती. विमान शेपटीवर आलं, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) मुळापासून तुटला. एका बाजूचा एलेरॉनही (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) लटकला, कारण त्या सर्वोचे गिअर सोलले गेले होते.

सर्वोवर 'मेटल गिअर' छापलेलं होतं. खालचे चार स्क्रू काढून उघडला तेव्हा वरचं, बाहेरून दिसणारं चाक तेवढं पितळेचं निघालं, आतली सगळी प्लॅस्टिकची. खरा एमजी९०एस (मेटल गिअरचा सर्वो) साधारण साडेतेरा ग्रॅम भरतो, प्लॅस्टिकवाला नऊ. हा दहाच्या आसपास होता.

बॅटरी नौपाड्यातल्या एका काकांकडे नेली. बाल्सा लाकडाच्या काळापासून विमानं करणारा माणूस. त्यांनी काही न बोलता ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: ८४ ग्रॅम. शेजारी स्वतःची १३०० ची ठेवली: ११८. मग चार्जरवर डिस्चार्ज लावला, तर ६१० एमएएचवर खेळ खलास. एका सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला रोध; जितका जास्त तितका सेल थकलेला) बाकी दोघांच्या जवळजवळ तिप्पट होता. स्टिकरवर ४५सी लिहिलेलं, म्हणजे क्षमतेच्या ४५ पट, साडेअठ्ठावन्न अँपिअर देण्याचा दावा. माझ्या मोटरला त्याच्या तिसरा हिस्साही लागत नाही, आणि बॅटरीला तेवढंही झेपलं नव्हतं. काकांनी गच्चीवर वाळूची बादली शेजारी ठेवून वरचं आवरण काढलं. आत आणखी एक जुनं आवरण अर्धवट कापलेलं, त्यावर कुठल्याशा ड्रोनच्या स्टिकरचा तुकडा, एक सेल फुगलेला आणि वायरींवर नवंकोरं सोल्डर. हा उद्योग घरी करू नका. पातं सेलला लागलं तर आग लागू शकते.

पोराला फोन केला तर लगेच मवाळ झाला. "माझीच फसवणूक झालीय दादा, पैसे परत करतो." पाठोपाठ क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील म्हणे! यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. तसं म्हटल्यावर त्याने ब्लॉक केलं. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, त्यामुळे माहिती देताना अडलं नाही. पैसे अजून आलेले नाहीत. वाईट त्याचं फार वाटत नाही. अशी बॅटरी शाळेतल्या पोराने घेऊन रात्रभर चार्जिंगला लावली असती तर, हा विचार जास्त छळतो.

जाहिरात आता खारघरच्या पत्त्यावर, दुसऱ्या नावाने पुन्हा दिसते आहे. फोटो तोच: वर्तमानपत्रावर ओळीने चार सर्वो आणि मोटरच्या शाफ्टजवळ निळ्या मार्करचा ठिपका. मित्राच्या नंबरवरून मी बॅटरीचा काट्यावर ठेवलेला फोटो मागितला. "काटा नाहीये दादा," म्हणाला आणि किंमत दोनशेने उतरवली.