ओटा कापून झाला की मॉडेल बदलतं

घोडबंदर रोडला एखाद्या नव्या टॉवरचा ताबा मिळायला लागला की पार्किंगमध्ये स्टॉल उभे राहतात. खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर, पाण्याचे फिल्टर, आणि हटकून एक हॉब-चिमणीवाला (हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी). आम्हाला गंडवणारा यांच्यातलाच. त्याचं नाव लिहीत नाही. एक तर प्रकरण ग्राहक आयोगात आहे, आणि दुसरं म्हणजे हे लोक बोर्ड बदलत राहतात, नाव सांगून फार उपयोग नाही. पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर सांगते.

सगळी मेख ओटा कापण्याच्या घाईत आहे. साधी शेगडी ओट्यावर ठेवायची, नाही पटली तर उचलायची आणि दुसरी आणायची. हॉब ग्रॅनाइटमध्ये खाच पाडून आत बसतो. आणि ग्रॅनाइटमधलं भोक आणखी मोठं करता येतं, पुन्हा लहान करता येत नाही. म्हणजे भोक पडेपर्यंत गरज विक्रेत्याला असते, पडल्यावर ती तुम्हाला. माल चांगला की वाईट, हा प्रश्न त्यानंतर येतो.

सासूबाईंना खरं तर स्टीलची तीन बर्नरची शेगडीच हवी होती. भाकरी थेट आचेवर फुगते, बिडाचा तवा जड असतो, पुसायला सोपं पडतं, अशी त्यांची कारणं होती आणि ती सगळी बरोबर होती. स्टॉलवरचा मुलगा हसून म्हणाला, "काकू, नव्या घरात शेगडी ठेवणार? ट्रॉल्या एवढ्या भारी, वर हॉबच शोभेल." हॉबमध्ये काय काय प्रकार असतात हे त्याने सांगितलं, पण प्रत्येक प्रकारातलं त्याच्या सोयीचं तेवढंच. ओट्यावर ठेवताही येतो आणि नंतर हवा तर खाचेत बसवताही येतो, असा मधला प्रकार बाजारात मिळतो. दुकानदार त्याला हॉबटॉप म्हणतात. त्याचं नाव त्याने काढलंच नाही. का काढील? हॉबटॉपसाठी आधी ओटा कापायची गरज पडत नाही.

मग इंडक्शन. आमचे हे विजेच्या कामातले, त्यामुळे तिथे त्याची डाळ शिजली नाही. चार झोनचा, म्हणजे एका वेळी चार भांडी ठेवता येणारा, इंडक्शन हॉब पूर्ण चालवला तर 7 किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. 230 व्होल्टला ते 30 अँपिअर झाले. स्वयंपाकघरातला मोठा प्लग 16 अँपिअरचा, म्हणजे साधारण 3.7 किलोवॅटपर्यंतच. वेगळी जाड वायर आणि 32 अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की पुरवठा तोडणारा स्विच) बोर्डापासून ओढावा लागतो, आणि महावितरणकडे मंजूर भार तेवढा आहे का तेही बघावं लागतं. ह्यांनी हे विचारलं तसा मुलगा लगेच म्हणाला, "मग सर, गॅसच बेस्ट."

माझ्या खारघरच्या बहिणीला असं विचारणारं कुणी नव्हतं. तिला दुसऱ्याच एकाने "सगळी भांडी चालणारं इंडक्शन" विकलं. असं इंडक्शन आपल्याकडच्या बाजारात सहसा नसतं. इंडक्शनला भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. तांबं, पितळ, हिंडालियम त्यावर तापत नाही, आणि स्टीलचीही सगळी भांडी चालतात असं नाही. बिडाचा तवा मात्र मस्त चालतो. तिला दिलेली होती इन्फ्रारेड शेगडी: काचेखालची तार लाल होते, काच तापते, आणि काचेची उष्णता भांड्याला लागते. म्हणून कुठलंही भांडं चालतं, पण बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते. घरात लहान मूल असताना हा फरक क्षुल्लक नाही. वस्तू वाईट नव्हती, नाव खोटं होतं आणि किंमत इंडक्शनची लावली होती. दुकानात हिंडालियमचं पातेलं ठेवून पाहिलं की एका मिनिटात उलगडा होतो.

आमच्याकडे ठरला तो चार बर्नरचा, काचेचा, पितळी बर्नरचा, "एफएफडी असलेला, पीएनजी रेडी" हॉब, सोबत चिमणी. एफएफडी म्हणजे ज्योत विझली की गॅस बंद करणारी यंत्रणा, पीएनजी म्हणजे पाइपने येणारा गॅस. चाळीस हजार सांगून चौतीसवर आला. निम्मे पैसे जागच्या जागी यूपीआयने. पैसे गेले ते एका व्यक्तीच्या नावावर. "मॅडम, फर्मच्या खात्याला लिमिट आलंय" हे उत्तर तयार होतं. पावती म्हणून मिळाला एस्टिमेटचा कागद. त्यावर "4 बर्नर ब्लॅक ग्लास हॉब" एवढंच, मॉडेलचा नंबर नाही.

दोनच दिवसांत फोन. "आमचा ग्रॅनाइटवाला उद्या तुमच्याच टॉवरमध्ये आहे. आज कापून घेतलं तर फ्री, नंतर दोन हजार." हॉब कुठे आहे? "येतोय भिवंडीच्या गोडाऊनमधून. माप आम्हाला पाठ आहे." माणूस आला, कटर फिरला, घरभर पांढरी धूळ, आणि ओट्याच्या मधोमध मोठं आयताकृती भोक.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कटआउट, म्हणजे हॉबसाठी ओट्यात पाडायचं भोक, मॉडेलनुसार बदलतं. बाहेरून दोन हॉब सारख्याच रुंदीचे दिसले तरी खाली बसणारा डबा लहानमोठा असतो. चांगल्या कंपन्या माहितीपुस्तकात हे माप मिलिमीटरमध्ये छापतात, काही जण कापायचा कागदी साचाही खोक्यात देतात. मॉडेलचा नंबर आणि त्याचं माहितीपुस्तक समोर असल्याशिवाय ते माप "पाठ" आहे या बोलण्यावर विसंबता येत नाही. आमचं भोक मुद्दाम मोठं कापलं होतं, असं माझं मत आहे. मोठ्या भोकात साठ सेंटिमीटरचा साधा हॉब बसत नाही, सरळ खाली जातो. म्हणजे निम्म्या कंपन्यांचा माल आमच्यासाठी तिथेच बाद झाला.

पुढचा फोन अपेक्षेप्रमाणे. ते मॉडेल कंपनीने बंद केलं, हे त्याचंच पुढचं मॉडेल, किंमत खरं तर जास्त आहे पण तुमच्याकडून घेत नाही. खोक्यावरचं नाव एका प्रसिद्ध ब्रँडच्या नावासारखं, एक अक्षर इकडचं तिकडे. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपीचा स्टिकर कोरा. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता एफएफडीबद्दल, कारण खरी लबाडी इथे होते आणि ती जीवावर बेतणारी आहे. दूध उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली तर ही यंत्रणा गॅस आपोआप बंद करते. बर्नरच्या कडेला धातूची एक बारीक कांडी असते, थर्मोकपल. ज्योतीने ती तापलेली असेपर्यंत तिच्यातून सूक्ष्म वीज निघते आणि आतला चुंबकी व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत गेली, कांडी थंड झाली, की व्हॉल्व्ह मिटतो. म्हणून एफएफडी असलेल्या बर्नरला दोन कांड्या दिसतात: एक पांढऱ्या चिनी मातीच्या आवरणाची, जी ठिणगी पाडते, आणि दुसरी ही. आमच्या हॉबला एकच होती, पांढरी. बसवायला आलेला तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच सेन्सर." सासूबाईंनी नॉब फिरवला, गॅस पेटला, हात लगेच काढला, तरी ज्योत तशीच. त्यांच्या माहेरी एफएफडीची शेगडी आहे. तिथे पेटल्यावरही नॉब दोन-चार सेकंद दाबून धरावा लागतो, नाहीतर विझते. "अगं, हा दाबून धरायला लागत नाही, मग कसला आलाय सेन्सर?" त्या म्हणाल्या. एवढ्या एका वाक्यात त्यांनी त्याला उघडा पाडला. मग खात्रीसाठी ज्योत विझवून, खिडक्या उघड्या ठेवून पाहिलं. खऱ्या एफएफडीत थोड्या वेळाने बारीक टक असा आवाज येऊन गॅस थांबतो. इथे गॅसचा सूं सूं आवाज चालूच. कॉक बंद केला.

आमचे "पितळी" बर्नर म्हणजे सोनेरी रंग दिलेला अल्युमिनियमचा मिश्रधातू निघाला. हे ओळखायला सोनार लागत नाही. पितळ अल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, बर्नरची टोपी हातावर घेतली की कळतं. उलट्या बाजूला खिळ्याने ओरखडा काढा, आत पांढुरकं चमकलं तर ते पितळ नव्हे. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण दोन्हींना तो चिकटत नाही. आमच्याकडे बसवायला आलेल्याने नेमकी तीच परीक्षा मोठ्या रुबाबात करून दाखवली.

आणि "पीएनजी रेडी". ठाण्यात आणि नवी मुंबईत पाइप गॅस महानगर गॅसचा. घरात तो साधारण 21 मिलिबार दाबाने येतो, सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून 30 च्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता दुपटीहून जास्त असते. त्यामुळे पाइप गॅसच्या जेटचं, म्हणजे बर्नरखाली गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, छिद्र मोठं लागतं. आमच्या हॉबला सिलिंडरचेच जेट होते. ज्योत मेणबत्तीएवढी, कुकरची शिट्टी होता होईना. तक्रार केल्यावर "कन्व्हर्जनवाला" आला, प्रत्येक बर्नरचे चारशे मागितले, आणि खिशातून काय काढलं तर बारीक ड्रिल! जेट बदलायचा असतो, कोरायचा नसतो. कोरलेलं छिद्र वेडंवाकडं होतं, गॅस आणि हवेचं प्रमाण बिघडतं, ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात, आणि पुढे कधी सिलिंडरवर जायचं झालं तर ज्योत धोकादायक मोठी होते. बहुतेक जेटवर छिद्राचा आकडा कोरलेला असतो. आकडे वेगवेगळ्या बर्नरला वेगवेगळे, पण बदलण्याआधी आणि नंतर फोटो काढून ठेवा. आम्ही त्याला हात लावू दिला नाही.

आयएसआयचा शिक्का काचेवर स्टिकरचा होता, खाली परवाना क्रमांक नव्हता. सिलिंडरच्या शेगडीसाठी आयएस 4246 आणि पाइप गॅसच्या शेगडीसाठी आयएस 17153 अशी वेगळी मानकं आहेत. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएसच्या (आयएसआय शिक्क्याचा परवाना देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या कारखान्याला, कुठल्या वस्तूसाठी दिला आहे ते दिसतं. शेजारच्या विंगमधल्या एका काकांनी त्यांच्या हॉबचा क्रमांक टाकून पाहिला, तर तो भलत्याच वस्तूचा निघाला.

यानंतर फोन उचलणं बंद. ज्या मोठ्या कंपनीचा बॅनर त्याच्या स्टॉलवर लागला होता, तिने हा आमचा विक्रेता नाही म्हणून लेखी कळवलं. एस्टिमेटवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासला तर तो रद्द झालेला. क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. याचा 27 नेच सुरू होत होता, त्यामुळे नुसतं बघून भागत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. तिथून त्याला निरोप गेल्यावर तो हजर झाला, हॉब उचलून नेला, काही रक्कम परत केली आणि उरलेली "चिमणीत वळती केली" म्हणाला. ग्रॅनाइटबद्दल बोलायला तयार नाही. म्हणून आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आमच्या हाती पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे आणि व्हॉट्सॲपवरचे "माप पाठ आहे", "एफएफडी आहे" असे त्याचेच मेसेज आहेत. वकील मैत्रीण म्हणाली की फोनवर बोललेलं हवेत जातं, हे मेसेज मात्र कामाला येतील.

भोकाचं पुढे काय झालं, असं सगळे विचारतात. ते मिलिमीटरमध्ये मोजलं, गोखले रोडवरच्या एका दुकानात माहितीपुस्तकं काढायला लावली, आणि ज्याचं कटआउट आमच्या भोकाहून जरा मोठं आहे असा हॉब घेतला. कडा थोड्या वाढवून कापल्या. दुकानदाराने आधी खोकं उघडून जेट बदलून दाखवले, मग कटर लावला. हव्या त्यापेक्षा मोठा आणि महाग हॉब घ्यावा लागला, ती रक्कमही तक्रारीत घातली आहे.

कोलशेत, कासारवडवलीकडे सध्या ज्यांना ताबा मिळतोय आणि ज्यांनी स्टॉलवर पैसे भरून ठेवलेत, त्यांनी आजच विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी विचाराव्यात: मॉडेलचा नंबर, कटआउटचं माप मिलिमीटरमध्ये, आणि जेट पाइप गॅसचे की सिलिंडरचे. उत्तर लेखी न देता तो फोन करू लागला, तर ग्रॅनाइटवाल्याला गेटवरूनच परत पाठवा आणि वॉचमनलाही तसं सांगून ठेवा. आमच्याकडे ग्रॅनाइटवाला आम्ही घरात नसताना ट्रॉलीवाल्याशी बोलून वर जाऊ पाहत होता.