लाथेची पियानो प्ले जिम, आठ महिन्यांनंतर: झाकणाचा स्क्रू मुठीत सापडला म्हणून

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी माझी मुलगी चिऊ गादीवर पालथी खेळत होती. एक मूठ घट्ट मिटलेली. सहज बोटं उघडून पाहिली, तर आत तिच्या प्ले जिमच्या बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू. साडेआठ महिन्यांचं मूल, हाताला लागेल ते तोंडात जातं. हात थंड पडले माझे. म्हणून हे लिहितोय.

चिऊ दीड महिन्याची असताना २,१९९ रुपयांना ही जिम घेतली. खाली गादी, वर कमान, पायाशी पियानो. पहिले तीन आठवडे ती कमानीवरच्या खेळण्यांकडे बघायचीच नाही. पैसे पाण्यात गेले असं मी घरात दोनदा बोललो. कारण माझ्या आईने शोधलं. तान्ह्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, आणि ही खेळणी टांगलेली होती त्याच्या दुप्पट उंचीवर, तीही फिक्या गुलाबी-आकाशी रंगांत. आईने कापडाचं चिमणाळं, म्हणजे टांगायच्या चिमण्या, शिवलं, काळं-पांढरं-लाल, आणि ते आखूड नाडीने खाली बांधलं. कुणीतरी शेजारी बसलेलं असेल तेव्हाच ते लावायचं, एरवी सोडून ठेवायचं. चौथ्या दिवशी चिऊची नजर चिमणीबरोबर डावीकडून उजवीकडे फिरली. खेळण्यांची उंची कमी-जास्त करता येत नाही, हा या जिमचा खरा दोष आहे. कंपनीने एक पट्टी दिली असती तरी काम झालं असतं.

गादीबद्दल मात्र तक्रार नाही. जाड आहे, घसरत नाही, तीस-पस्तीस धुण्यांनंतरही शिवण उसवलेली नाही. रांगायच्या आधीच्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. आमची मिनिटभरात रडायची. गादीच्या कडेला छोटा आरसा आहे, त्यासमोर पालथी घातली की दोन मिनिटं टिकायची, पुढे पाच. दिवसातून सात-आठ वेळा असं थोडं थोडं केलं. तिची मान या गादीवर धरली गेली, हे मी खात्रीने सांगतो.

आता पियानो. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं ठाम मत होतं की तो बंदच ठेवावा. आवाजाचे दोनच टप्पे आणि दोन्ही कर्कश. स्पीकरवर चिकटपट्टीचे दोन थर लावले तेव्हा कुठे बरं वाटलं. पण चौथा महिना लागताना एक गोष्ट पाहिली. पाय चुकून पट्टीवर पडला, सूर वाजला, ती थबकली. मग पुन्हा लाथ. पुन्हा थबकून ऐकलं. मी हळूच बटण बंद केलं. तिने तीन लाथा मारल्या आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 'आपण काही केलं की काहीतरी होतं' हे तिला कळलं होतं, आणि ते कळताना मी समोर होतो. त्या संध्याकाळी पियानोवरचा राग गेला.

आमच्या मजल्यावर एक गुजराती मासी राहतात, इथे बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या चेतन बालवाडीत बरीच वर्षं शिकवायच्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, हे जुनंच आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कोलियर यांनी १९६९ मध्ये बाळाच्या पायाला रिबन बांधून ती पाळण्यावरच्या झुंबराला जोडली होती. लाथ मारली की झुंबर हलतं हे दोन-तीन महिन्यांच्या बाळांना कळायचं आणि ती जास्त लाथा मारायची. मासींनी आणखी एक सांगितलं: पियानो वाजल्यावर तुम्ही गप्प बसू नका, तिने आवाज काढला की तुम्ही काढा, मग थांबा, तिची पाळी येऊ द्या. आम्ही तसंच करतो. आई खुळखुळा म्हणते, मासी घूघरो म्हणतात, चिऊ दोघींकडे वळते.

तर त्या स्क्रूकडे येतो, कारण मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात आहे आणि ही चूक मला सहन होत नाही. तीन पेन्सिल सेल साधारण तीन आठवड्यांत संपतात. खर्च वाचावा म्हणून चार्जिंगचे सेल आणले, ते बारा दिवसांत उतरायचे. सगळे मिळून तेरा-चौदा वेळा झाकण उघडलं असेल. स्क्रू थेट प्लॅस्टिकच्या खांबात पिळलेला, आत पितळी इन्सर्ट, म्हणजे आटे पाडलेली छोटी नळी, नाही. दर वेळी आटे थोडे झिजले, शेवटी स्क्रू नुसता फिरायला लागला आणि गळून पडला. झाकणात तो अडकून राहील अशी वॉशरही नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याची बॅटरी हत्याराशिवाय निघता कामा नये, हा नियम आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि ते या खोक्यावर होतं. नवीन असताना झाकण हत्याराशिवाय निघत नव्हतंच. चौदाव्या वेळेनंतर चिऊच्या बोटांनीही निघालं असतं.

कंपनीला चार वेळा फोटो पाठवले, दोनदा व्हिडिओ. उत्तर आलं की स्क्रू हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट घ्या. मी सूट मागितली नव्हती. मी विचारलं होतं की इतर घरांतल्या झाकणांचं काय. त्यावर आजवर उत्तर नाही.

शेवटी कारखान्यात खांबाला भोक पाडून एम-३ (तीन मिलिमीटर स्क्रूच्या) मापाचा पितळी इन्सर्ट गरम करून बसवला आणि झाकणाच्या आतून नायलॉनची वॉशर टाकली. आता स्क्रू सुटला तरी झाकणातच राहतो. गेल्या चार आठवड्यांत तीन वेळा उघडलं, आटे जसेच्या तसे.

घेणार असाल तर दुकानात झाकण उघडायला लावा, स्क्रू चार-पाचदा काढून घाला आणि खांबात पितळ आहे का पाहा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. जुनी घेत असाल तर हे आधी. आणि बाळ धरून उभं राहायला लागलं की कमान काढून टाका, ती वजन पेलत नाही. आम्ही गेल्या आठवड्यात काढली.

गादी चिऊकडेच राहील. कमान आणि पियानो ग्वाल्हेरला चुलतभावाकडे जातायत, त्याचा मुलगा दोन महिन्यांचा झालाय. सोबत दोन जादा स्क्रू, आणि आईने शिवलेलं दुसरं चिमणाळं.